सरकारी डब्याची राखण

सरकारी मालाला एकटं सोडायचं नाही, असा नियम होता. सरकारी माणसाला एकटं सोडू नये, असा नियम मात्र कुणी काढला नव्हता. त्यामुळे अंबरनाथच्या त्या कचेरीतला कॉम्प्युटर उल्हासनगरला दुरुस्तीला निघाला, तेव्हा त्याच्या सोबतीला चांगुणा रातांबेला पाठवलं, आणि चांगुणाच्या सोबतीला कुणालाच नाही.

सत्त्याण्णव साल असेल ते. कचेरी होती नोकरी मागणाऱ्यांची नावं नोंदवणारी. स्टेशनच्या पूर्वेला एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवरची माडी सरकारनं भाड्यानं घेतली होती. भिंतीला टेकलं की पाठ अजूनही पांढरी व्हायची. बदलापूर, शिरगाव, शहाड, पार मुरबाडकडच्या वाड्यांवरून पोरंपोरी यायची, दाखले दाखवायची, नाव नोंदवून घरी जायची आणि बोलावण्याची वाट बघत बसायची. कुणाचा नंबर कुणाच्या आधी, हे सगळं त्या कॉम्प्युटरच्या पोटात.

दहा वर्षांपूर्वी तो आला, तेव्हा काय त्याचा थाट! त्याला वेगळी खोली, खोलीला एसी, दाराबाहेर चपला काढायच्या. खंडेनवमीला झेंडूची माळ आणि नारळ. शिकायला मुंबईला कोण जाणार, असं साहेबांनी विचारल्यावर पुरुष कारकून एकेक करून तंबाखू थुंकायला बाहेर गेले होते. बटण चुकलं तर पगारातून कापतील, ही भीती. चांगुणा टायपिस्ट होती. नवरा नुकताच गेला होता, घरी विचारायला कुणी नव्हतं. ती गेली, शिकून आली, आणि हजारो कार्डांवरची नावं पुढची काही वर्षं एकेक करून त्या हिरव्या अक्षरांत चढवत राहिली.

पण यंत्रांचं म्हातारपण माणसांपेक्षा लवकर येतं. दुसऱ्या कचेऱ्यांत रंगीत पडद्याचे कॉम्प्युटर आले. हा बनवणारी कंपनीच बंद पडली. एसी साहेबांच्या केबिनमध्ये गेला. पासवर्ड म्हणजे कचेरीचाच पिनकोड, आणि तोही कागदावर लिहून पडद्याच्या कपाळावर चिकटवलेला, कारण साहेब बदलत राहायचे आणि प्रत्येकाला नव्यानं सांगायचा कंटाळा. शिपाई सुदाम तर तो लिफाफ्यांवर लिहीत असताना मोठ्यानं म्हणायचा.

मग मुंबईहून परिपत्रक आलं. कॉम्प्युटरमधली माहिती सुरक्षित ठेवावी, बाहेरच्या माणसाच्या हाती जाऊ देऊ नये, नकला राहू देऊ नयेत. पोंक्षे साहेबांनी ते सगळ्यांच्या टेबलांवरून फिरवलं. सगळ्यांनी खाली सही केली, ‘वाचले’. खरोखर वाचलं एकट्या चांगुणानं. तिनं पडद्यावरचा कागद सोलून काढला आणि पासवर्ड बदलला. दुसऱ्याच आठवड्यात तिला ताप भरला, आणि साहेबांनी सुदामला कुळगावला तिच्या घरी धाडलं.

“बाई,” सुदाम दारातूनच म्हणाला, “तुमी खुशाल आजारी पडा, पन तो परवलीचा शब्द माज्याकडं द्या. सगळी कचेरी हात जोडून बसलीय.”

तिनं सांगितला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कागदावर चढला, यावेळी ड्रॉवरच्या आतल्या बाजूला. सुरक्षितता तेवढी वाढली.

चांगुणाचं कुळगावचं घर दोन खोल्यांचं. भीमराव, तिचा नवरा, काडेपेटीच्या कारखान्यात होता. छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नाही. पौर्णिमेला ती विहारात जायची, बायकांशी चार शब्द व्हायचे. एरवी संध्याकाळी कुलूप उघडल्यापासून सकाळी कुलूप लावेपर्यंत तोंड उघडायचं काही काम नसे. रविवारी दुपारी ती कधीकधी उगीच मोठ्यानं काहीतरी बोलून बघायची. आवाज शाबूत आहे ना, एवढ्यासाठी.

तर हा कॉम्प्युटर एक दिवस किंचाळायला लागला आणि मग गप्पच झाला. साहेबांनी दोन-तीन ठिकाणी फोन केले. एवढ्या जुन्या मशीनला हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी कुणीतरी म्हणालं, उल्हासनगरला न्या. तिथं विमानाचासुद्धा स्पेअर पार्ट मिळेल, फक्त कुठल्या विमानाचा ते विचारू नका.

पण नियम आडवा आला. सरकारी वस्तू बाहेर ठेवायची नाही. म्हणजे सकाळी गेटपास करून न्यायची, सोबत माणूस दिवसभर बसवायचा आणि संध्याकाळी कचेरीत परत आणायची. दुरुस्ती कितीही दिवस चालो. माणूस कोण, हे ठरवायला वेळ लागला नाही. सुदामनं कॉम्प्युटरचा पत्र्याचा तो मोठा डबा रिक्षात ठेवला. खड्ड्यात आदळू नये म्हणून चांगुणानं तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, “बाई, बच्चे को पकड़ा है ऐसा लगता है.” तिला हसू आलं. घाण वासाच्या वालधुनी नदीच्या पुलावरून जाताना तिनं पदर नाकाला लावला, तोही एका हातानं.

दुकान कॅम्प नंबर चारमध्ये, एका जुन्या बराकीच्या पुढच्या खोलीत. फाळणीनंतर सिंध्यांना लष्कराच्या ज्या बराकी दिल्या, त्यातलीच ती. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. दुकानदाराचं नाव परसराम, सगळे परसो म्हणायचे. चाळिशीचा, जाड भिंगांचा चष्मा, कानामागं स्क्रूड्रायव्हर.

“आप इधर बैठेंगी? पूरा दिन?” त्यानं विचारलं.

“नियम आहे.”

“बैठो. कुर्सी एकच आहे पण. दुसरी टेबल झालीय.” दुसऱ्या खुर्चीवर खरंच तीन मॉनिटर एकावर एक रचलेले होते.

थोड्या वेळानं पडद्यामागून एक ठेंगणी म्हातारी आली. पांढरा सलवार-कमीज, पांढरी ओढणी. परसोची आई, जेठीबाई. गल्लीची अमां. तिनं काही न विचारता चांगुणाच्या हातात भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास दिला. सिंध्यांच्या घरी पाहुणा आला की आधी पापड-पाणी.

“कौन है ये?” तिनं मुलाला विचारलं.

“सरकार है, अमां. डब्यावर पहारा देतेय.”

“सरकार इतकी दुबळी?” अमां म्हणाली. त्या दिवसापासून चांगुणाचं त्या घरात नाव पडलं सरकार.

परसोनं पहिल्या दिवशी डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. मग विचारलं, माहितीची नक्कल कुठं आहे? चांगुणानं अभिमानानं फ्लॉप्यांची पेटी पुढं केली. दर महिन्याला ती नक्कल काढायची. त्यानं झाकण उघडलं आणि मान मागं घेतली.

“ये क्या डाला है इसमें?”

“डांबरगोळ्या. कसर लागू नये म्हणून. दर दिवाळीला बदलते.”

परसो तिच्याकडं बघतच राहिला. “बाई, ह्या चकत्या आहेत. शालू नाही.” गोळ्यांच्या वाफेनं फ्लॉप्यांवर पांढरा थर धरला होता. त्यानं एकेक घालून बघितली, एकही उघडली नाही. चांगुणा पेटीतल्या डांबरगोळ्या एकेक करून वेचायला लागली. इतकी वर्षं ती जे जपत होती, ते जपूनच मारलं होतं. म्हणजे आता त्या हजारो पोरांचे नंबर जगात एकाच जागी होते, डब्याच्या आतल्या त्या किंचाळणाऱ्या चकतीत.

“घाबरू नका,” परसो म्हणाला. “पहले मैं नक्कल मारतो माझ्या मशीनमध्ये. मगच हात लावतो. ये अपना पहला काम.”

ते करायलाच त्याला बरेच दिवस लागले. चकती थोडा वेळ चालायची, तापायची, थांबायची. मग तो तिला गार होऊ द्यायचा आणि तोवर दुसरं काहीतरी उघडून बसायचा. संध्याकाळी चांगुणा डबा मांडीवर घेऊन कचेरीत जायची, सकाळी परत आणायची. परसो वैतागायचा. “रात को रख दो इधर, मैं क्या उसका लोणचं घालूँगा?”

“नियम आहे,” ती म्हणायची. आणि मनात म्हणायची, बरं झालं.

कारण चौथ्या की पाचव्या दिवशी अमांनं तिला पापड दिला नाही. थेट ताटली आणली, पालक-डाळीची साई भाजी, भात, वर कच्चा कांदा. चांगुणा म्हणाली, “आज पापड नाही का, अमां?”

“पापड मेहमान को. तू तर रोजची.”

कुणाच्या घरी रोजची होऊन तिला किती वर्षं झाली होती! मग ती दुपारी पडद्याच्या आत जायला लागली. पडदा अर्धा उघडा ठेवायचा, म्हणजे डबा दिसत राहायचा. अमांच्या मेथीच्या जुड्या निवडून द्यायची. अमां सिंधमधल्या शिकारपूरच्या गोष्टी सांगायची, हिंदी, मराठी आणि सिंधीची खिचडी करून.

“निघालो ना आम्ही, तेव्हा सासूनं सोनं दोन जागी केलं,” अमां म्हणाली. “आधा उसकी पेटी में, आधा मेरी रजई में सिला. पेटी कराचीला राहिली. रजई आली. एक चीज, दो जगह, समझी? म्हणून हा परसो बघ. चावी दोन, घड्याळ दोन, गिराईकाचा माल घेतो तर त्याची पण नक्कल. बीवी एकच केली, ती पण इंदौरला माहेरी जाऊन बसली.”

“अमां!” बाहेरून आवाज आला.

“झूठ बोली क्या?”

चांगुणा तोंडाला पदर लावून हसली. अमांनं तिच्या नवऱ्याचं विचारलं, मुलांचं विचारलं. सांगितल्यावर नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या काळात चांगुणा संध्याकाळी कुळगावला उतरली की बाजारातून उगीच अर्धा पाव मेथी घ्यायची आणि घरी बसून निवडायची.

शेवटी परसोनं भंगारातून तसलीच एक चकती पैदा केली, तिच्यात सगळी माहिती भरली, झाकण लावून डबा सुरू केला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. चांगुणानं शिरगावची नावं काढून बघितली, शहाडची काढून बघितली. सगळं जागच्या जागी. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण उद्यापासून इथं यायचं नाही, हे त्याच्या खालोखाल मनात आलं, आणि आनंद बसला तो बसलाच.

“थांब, जेवून जा,” अमां आतून म्हणाली. “आज सरकारची विदाई.”

चांगुणा आत कांदे चिरत होती, तेव्हा दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं. शिकवणीचे क्लास चालवणारा माणूस, मॉनिटर दुरुस्तीला दिलेला. थोड्या वेळानं त्याच्या हसण्याचा आवाज आला. मग तो मोठ्यानं वाचायला लागला.

“अरे परसो, ये तो अपनी शिरगाव की लड़की है! पत्ता भी है. आणि हे बघ, जातीचा रकाना. नवबौद्ध, नवबौद्ध, ये भी नवबौद्ध... इनकी लाइन देखो, मालगाड़ी जैसी. सब को सरकारी नौकरी चाहिए.”

चांगुणा विळी तशीच टाकून बाहेर आली. त्या माणसाच्या मॉनिटरवर हिरवी नावं खालून वर धावत होती. तिनं टाइप केलेली. आडनाव आधी, मग नाव, मग बापाचं नाव, गाव, शिक्षण, जात. तिच्या त्या डब्याला तर वायरसुद्धा जोडलेली नव्हती. नावं धावत होती ती परसोच्या मशीनमधून.

शाळेत मास्तर हजेरी घेताना काही नावांच्या पुढं जात जोडून वाचायचे, आणि सगळा वर्ग मान वळवून बघायचा. पन्नाशी आली तरी ती वळलेली डोकी तिच्या डोळ्यांपुढून गेली नव्हती. कचेरीच्या खिडकीशी येऊन पोरी तो रकाना भरताना आवाज बारीक करायच्या, आणि ती म्हणायची, “घाबरू नको, हे आतच राहतं.”

गिऱ्हाईक मॉनिटर घेऊन गेलं. मग ती म्हणाली, “परसोभाई, ही यादी तुमच्याकडं अजून कशी?”

“टेस्टिंगला,” तो सहज म्हणाला. “लंबी फाइल है ना. भागती है तो मॉनिटरचा सगळा रोग दिसतो.”

“पुसा.”

“काय?”

“पुसून टाका. आत्ता. माझ्यासमोर.”

परसोनं चष्मा काढला. “बाई, टेस्टिंगला नाही लावणार पुन्हा. तो माणूस वाचेल असं डोक्यातच नाही आलं. चुकलं माझं. पण पुसायला लावू नका. तुमच्यात जी चकती घातली ती भंगारातली आहे. आज चालतेय, कल का भरोसा नहीं. फ्लॉप्या तर तुमच्या शालूसारख्या झाल्या. मग कुठून आणाल नावं?”

हे तिला कळत नव्हतं असं नाही. नवीन फ्लॉप्यांची मागणी तिनं आधीच केली होती. त्या आकाराच्या फ्लॉप्या मुंबईच्या भांडारात आता येत नाहीत, असं उत्तर आलं होतं. बाजारातून घ्यायच्या तर तीन दुकानांचे भाव मागवायचे, आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर सहीची वाट बघत पडला होता. नावं हरवली तर पोरांची वर्षानुवर्षांची पाळी जाईल. नावं अशी उघड्यावर धावत राहिली तर तिनं खिडकीत दिलेला शब्द जाईल. दोन्हीतलं काय मोठं, हे सांगणारं परिपत्रक कुणी काढलं नव्हतं. होतं ते एवढंच म्हणत होतं, नक्कल राहू देऊ नये.

“पुसा,” ती पुन्हा म्हणाली.

त्यानं पुसली. तिला पडद्यासमोर बसवून, एकेक हुकूम दाखवत पुसली. रिकामा पडदा चमकत राहिला. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण दहा वर्षं सरकारी खुर्चीत बसलेल्या बाईच्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप आलं.

“लिहून द्या. नक्कल शिल्लक नाही म्हणून. फाइलला लागेल.”

परसोच्या कानामागचा स्क्रूड्रायव्हर त्यानं काढून टेबलावर ठेवला. “आपके सामने मिटाया. आता लिहून पण?”

“फाइलला लागतं,” ती म्हणाली. म्हणतानाच तिला जीभ चावावीशी वाटली. पण बोललेलं परत घ्यायची तिला सवय नव्हती, कचेरीत तसं चालत नसे.

त्यानं दुकानाच्या कागदावर लिहिलं, खाली सही केली, शिक्कासुद्धा मारला. मग फुलाफुलांच्या पडद्याकडं बघून सिंधीत काहीतरी म्हणाला. अमां बाहेर आली. तिच्या हातात स्टीलची ताटली होती, ताटलीत एक भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास.

चांगुणा समजली. तिनं उभ्याउभ्यानं पापड खाल्ला. तो मोडल्याचा आवाज केवढा झाला. पाणी प्यायली, ग्लास ताटलीत ठेवला, डबा उचलला. रिक्षात बसल्यावर तिनं मागं बघितलं नाही. दोन्ही हात डब्यावरच होते.

कचेरीत पोंक्षे साहेबांनी कागद बघून “उत्तम, उत्तम” म्हटलं आणि फाइलला लावायला दिला.

त्यानंतर ते मशीन शहाण्या मुलासारखं चालत राहिलं. चांगुणा रोज सकाळी ते सुरू करायची, आणि कधीकधी काम थांबवून त्याच्या आवाजाकडं कान देऊन बसायची. किंचाळतंय का, थोडंसं? नाही. सुरळीत गुरगुरत होतं. आपण कशाची वाट बघतोय, हे लक्षात आलं की ती स्वतःवरच चिडायची आणि भराभर टाइप करायला लागायची.

एकदा दिवाळीच्या आधी ती कॅम्प चारला गेली. बाजारात ब्लाउजपीस घेतलं, जे तिला नको होतं. बराकीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. पडद्याची फुलं लांबून दिसत होती. कोणत्या कामानं आलात म्हणून विचारलं तर काय सांगणार? काही कामानं नाही, असं सांगून कुणाच्या दारात उभं राहणं तिला कधी जमलं नव्हतं. ती वळली. कुळगावला घरी येऊन तिनं कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि त्या रात्री मेथी नव्हती.

उन्हाळा आला. माडीवरचा पत्रा तापला. साहेबांच्या केबिनमधला एसी गारव्यानं घुमत होता आणि बाजूच्या खोलीत मशीन घामेजल्यासारखं चालत होतं. एका दुपारी ते न किंचाळताच बंद पडलं. चांगुणानं पुन्हा चालू केलं, पुन्हा, पुन्हा. पडदा काळा. फ्लॉप्यांचा तो कागद तेव्हाही टेबलावरच होता.

“बाई, त्यात काय एवढं!” पोंक्षे साहेब म्हणाले. “तुमच्या त्या उल्हासनगरच्या माणसाकडं नक्कल असेल की.”

“नक्कल ठेवायची नाही असं परिपत्रक होतं, साहेब.”

“अहो, परिपत्रक वाचायचं असतं. एवढं मनावर घ्यायचं नसतं.”

दुसऱ्या दिवशी ती निघाली. गेटपास, रिक्षा, मांडीवर डबा. वालधुनीचा पूल आला तरी पदर नाकाला लावायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. सबंध वाटेवर ती एकच गोष्ट मनात घोळवत होती. परसोनं आपल्याला फसवलेलं असू दे. समोर पुसल्याचं नाटक केलेलं असू दे. एक चीज, दो जगह. कुठल्यातरी कोपऱ्यात, कुठल्यातरी चकतीत त्यानं ती ठेवलेली असू दे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याशी खोटं बोललेलं असावं, म्हणून ती झुरत होती.

परसो तिला बघून उभा राहिला. दुकान तेच, खुर्चीवरचे मॉनिटर वाढलेले. त्यानं डबा उघडला, चकती काढून कानाशी धरून हलवली, आपल्या मशीनला लावून बघितली. बराच वेळ बघितली. मग मान हलवली.

“गेली. सांगितलं होतं.”

“हो.” चांगुणा म्हणाली. “परसोभाई, ती नक्कल...”

“कोणती?”

“तुमच्याकडची. मला वाटलं... एखादी ठेवली असेल.”

तो तिच्याकडं बघत राहिला. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. “लिख के दिया था ना, बाई,” तो हळू आवाजात म्हणाला. “शिक्का मारून दिलं होतं.”

खरं होतं. दिलेला शब्द त्या माणसानं पाळला होता, आणि तो पाळला नसावा अशी आशा धरून ती त्याच्या दारात आली होती. कचेरीतली जुनी कार्डं आठवली. निम्मी पोत्यांत होती, निम्मी पावसानं भिजून गेलेली. ती पुन्हा टाइप करायची. मिळतील तेवढी. ज्यांची मिळणार नाहीत, त्या पोरांना खिडकीतून सांगायचं, तुमचं नाव आमच्याकडं नाही. निवृत्तीपर्यंतचं काम ते. तेही जमेल, असं तिला वाटलं. पण परसो आता पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन दुसऱ्याच्या रेडिओवर वाकला होता, ते बघणं जमेना.

आतून खोकल्याचा आवाज आला. मग अमांचा, पूर्वीपेक्षा बारीक. “केरु आहे?”

कोण आहे, एवढा अर्थ चांगुणाला कळला. परसोनं मान वर केली नाही.

“गिराईक है, अमां.”

चांगुणानं डब्याचं झाकण लावलं. स्क्रू तिच्याच्यानं बसेनात. परसोनं पुढं होऊन ते बसवून दिले आणि पैसे नको म्हणाला. काम काही केलंच नाही, असं म्हणाला. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. तिनं डबा उचलला.

“केरु आहे?” पुन्हा आलं आतून. “अंदर क्यों नहीं आता?”

चांगुणानं त्याच्याकडं बघितलं. आत जाऊ का, एवढंच तिला विचारायचं होतं. परसोनं चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. “पडली होती,” तो रेडिओकडं बघतच म्हणाला. “तेव्हापासून दिसत नाही नीट. माणसं पण विसरते.” आणि एवढं बोलून खुर्ची थोडी बाजूला घेतली. पडद्याकडं जायला वाट झाली.

तिनं डबा खाली ठेवला आणि आत गेली.

अमां खाटेवर होती, उशीत रुतलेली. हात तेवढे पूर्वीचे. तिनं चाचपून चांगुणाचा हात धरला, बोटं मोजल्यासारखी कुरवाळली.

“किसकी है तू?”

कुणाची. सरकारची, असं म्हणायला तोंड नव्हतं. चांगुणा म्हटलं तर या घरात ते नाव कुणाला माहीत नव्हतं.

“भीमरावची,” ती म्हणाली. “कुळगावच्या भीमराव रातांबेची.”

“अच्छा, अच्छा.” अमांचा चेहरा उजळला, जणू ओळखीचंच कुणी निघालं. “भीमराव की. बैठ, बैठ.” तिनं खाटेवर जागा केली. “उसकी तबीयत कैसी है अब?”

बाहेर रिक्षाचा भोंगा वाजत होता. चांगुणा खाटेच्या कडेला टेकली.

“बरी आहे, अमां,” ती म्हणाली. “आता बरी आहे.”